तर्रीचा पाय

नंदनवनात कूलर-दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली.
खाली ते पत्रा ठोकतात, वर मी अक्षरं.
मे महिन्यात कॉम्प्युटर माझ्याआधी तापतो,
मग आम्ही दोघं वाळ्याच्या ताटीसमोर बसतो
आणि कोणाचं मटण, कोणाची पहिली कव्वाली,
कोणाचं साक्षगंध
चौकटीत बसवत राहतो.

खेमराज पौनीकरांना सावजीची वेबसाइट हवी होती.
"पेटली पाह्यजे बा. उघडल्याबरोबर
मानसाच्या नाकातून पानी आलं पाह्यजे."
मी लाल घातला.
"अजून."
मी अजून घातला, काळपट,
जवसाच्या तेलाचा तवंग यावा असा.
रात्री साडेअकराला फोन:
"ताई, माह्या तर्रीचा पाय काऊन मोडला?"

मोबाइलवर खरंच मोडला होता.
रफार डोक्यावरून घसरलेला,
र लंगडत एकीकडे, री दुसरीकडे.
फॉन्ट कुठल्या थंड गावचा होता कोण जाणे,
त्याला ठसका माहीत नव्हता.
पहाटेपर्यंत मी र उचलून री वर ठेवत होते
आणि तो पडत होता.

सकाळी डबा आला. वहिनींनी भरलेला.
'आमच्याबद्दल' या पानावर वहिनी कुठंच नव्हत्या.
आजोबा होते, त्यांचा फेटा होता,
आणि मिक्सरच्या जाहिरातीतून उचललेला एक पाटा-वरवंटा.
मी काही बोलले नाही.
दुसरा हप्ता यायचा होता.

दिवाळीनंतर झाडीपट्टीची पोस्टरं.
वडशाहून मंडळाचे मॅनेजर दुधराम येतात, बसनं,
पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात, खिशाला बटण.
एका कागदावर तेवीस चेहरे,
तबलजीसुद्धा, ऑर्गनवाला गॉगलसकट.
मोकळी जागा दिसली की त्यांचा जीव वरखाली होतो.
"इथं तं काहीच नाही. इथं लोक काय पायतीन?"
"आकाश."
"ते फुकटच दिसते आमच्याकडे. थेटराले छत कुठी हाय?"

मधोमध वच्छला नान्हे.
अकरा हंगाम तोच फोटो,
मान तिरकी, बोट हनुवटीवर.
कॉपी होत होत तो खरबरीत होतो,
मी दरवर्षी गुळगुळीत करते,
दरवर्षी त्यातून ती थोडी निघून जाते.

यंदा 'सासऱ्यानं विकली सायकल'ची
चार हजार पोस्टरं छापून झाली होती.
कुरखेड्याला, दुसऱ्या अंकात,
दोन फळ्यांमधल्या फटीत तिचा पाय गेला.
दुधरामचा फोन दहा सेकंदांचा:
"नवी पोरगी टाका. फोटो पाठोतो."

डिलीट करता आलं असतं.
मी लेयरचा फक्त डोळा मिटला.
कागदावर नवी पोरगी हसली,
तिच्या खाली, न दिसता, ते बोट हनुवटीवर तसंच.

मग कळलं, तिला इथंच आणलंय, मेडिकलला.
माझ्या खोलीपासून दहा रुपयांचा ऑटो.
हाडांच्या वॉर्डात मी दोनदा तिच्या खाटेवरून पुढं गेले.
जिला मी अकरा वर्षं ओळखत होते
ती तिथं कुठंच नव्हती.
शेवटी तिनंच हाक मारली,
"पोस्टरवाल्या बाई तुमीच का?
माहं नाक तुमी बारीक केलं नं?"
मी हो म्हटलं.
"बरं केलं."

प्लास्टरवर कोणीतरी पेनानं
प्रयोगांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या.
ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं,
"नव्या पोरीचं नाव केवढ्या अक्षरात टाकलं?"
आणि हवेत अंगठा नि बोट धरून
तिनं आपल्या नावाची उंची मला दाखवली.
अचूक होती.

"तुमच्याहून लहान," मी म्हटलं.

फाइल अजून प्रेसला गेली नव्हती.
जिना चढले, ताटीवर पाणी मारलं,
आणि ते खरं केलं.
दोन पॉइंटांनी.