प्रेस

जेलरोडला ‘वडील प्रेसमध्ये’ म्हटलं
की पुढचं कोणी विचारत नसे.
भोंगा झाला की आधी सायकली, मग आबा,
गेटवर खिसे उलटे करून दाखवून आलेले.
जन्मभर नोटा मोजल्या,
घरात मोजायला लागले की बोटं अडखळायची.

कोपऱ्यावर रामअचलच्या टपरीवर खडूने तेच: प्रेस.
कोळसा फुंकत म्हणायचा,
“बिटिया, प्रेस हमरा भी, बाबूजी का भी.
उनका छापता है, हमरा दबाता है.”
दिघोळेंच्या सुधन्वाने तर बुलेटवरच लिहून घेतलं, लाल रंगात.
हवालदार सोडून द्यायचा.
त्याची बातमी मात्र मी कुठे वाचली नाही.

हिंदीच्या बाईंनी अर्थ विचारला तेव्हा
मी सगळं लिहिलं:
छापाखाना, इस्तरी, अख़बारवाले, दबाना.
बाईंनी तीन खोडले.
दबाना ठेवलं.

काल बिटको चौकाजवळच्या दवाखान्यात
डॉक्टर आबांच्या पोटावर बोटं टेकवून म्हणाले,
“प्रेस केलं की दुखतं?”
आबा गुंगीत होते.
एक पाय कॉटखाली सोडून
चप्पल चाचपायला लागले,
“भोंगा झाला का गं?”