सोमवारी, उद्यमनगरात

सोमवार. भट्टी थंड.
पत्र्यावर कावळा चालतो, तेवढाच आवाज.
वरच्या केबिनमध्ये मी, जुन्या सर्व्हरपुढे,
डेटाबेसचा सोर्स उघडून बसलेली.

गणी मिस्त्री सुट्टीलाही येतात. घरी करमत नाही.
"तयार मिळत न्हाई व्हय हे?"
मिळतं. पण ह्या मशीनला बसत नाही.
"म्हंजे पॅटर्नपासनं," म्हणाले, आणि स्टूल ओढलं.

कॉन्फिगर एकेक विचारत गेलं.
कंपायलर आहे? आहे.
मेक आहे? आहे.
रीडलाइन?
थांबलं.
"वाळूत ओल कमी पडली," मिस्त्री म्हणाले, अगदी खात्रीनं,
आणि मला ते चूक म्हणवेना.

ती लायब्ररी आणली. पुन्हा पहिल्यापासून.
मग मेक: ओळींवर ओळी, पाऊण तास,
पंखा घरघरतोय,
वाचत कुणीच नाही, तरी नजर हलत नाही आमची.
मध्ये चहा आला. साय धरून गार झाला.

शेवटी प्रॉम्प्ट. लुकलुकणारी रेघ.
"आत काय हाय?"
काहीच नाही, मिस्त्री. रिकामं आहे.

त्यांनी खिशातनं तेलकट वही काढली,
चष्मा सदऱ्याला पुसला.
"लिव्हा. पयलं कास्टिंग. वाया गेलेलं."
कारण? मी विचारलं, रकाना होता म्हणून.
"सांगितलं की मगाशी."