वाचलेले

प्रभादेवीच्या महापालिका शाळेत, तिसरी ब च्या वर्गात
महिन्यातून एकदा आम्ही बसतो,
गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून तिरके.
फळ्यावर हातच्याची वजाबाकी अर्धवट,
ती पुसायची नाही, अशी शिपायाची ताकीद.

या खेपेचं पुस्तक एका माणसाच्या आठवणींचं.
तो, त्याचा दोस्त,
आणि ती वर्षं, जेव्हा गर्दची पुडी
पानाच्या टपरीवर नुसती मान हलवली की मिळायची.

घरतबाई केईएममधून निवृत्त. म्हणाल्या,
उलट्यांचं त्याने बरोबर लिहिलंय,
बाकीचं मला नाही सांगता येणार.
इरावती नाडकर्णींची तक्रार, की दोस्ताची आई
अख्ख्या पुस्तकात एकदाच येते, तीही डबा घेऊन.
ओजस आमच्यात लहान, सव्वीसचा.
त्याने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.
दोनशे पानांत हे दोघं, तो म्हणाला,
एकमेकांना एकदाही मिठी मारत नाहीत.
मिस्किटा चष्मा पुसत म्हणाले,
मारतात की. पान नव्वद.
एकाची शुद्ध हरपलेली असते तेव्हा.

मग कुणीच काही बोलेना.
बाहेर पटांगणात पोरं टेनिस बॉलने खेळत होती,
कुणीतरी आउट होऊनही जागा सोडत नव्हता.

मी मनगटावरचं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली सरकवलं.

हे घड्याळ भालू तांडेलने दोनदा चोरलं.
पहिल्यांदा मला ते चोरबाजारात सापडलं,
एका बिनहाताच्या बाहुलीशेजारी.
दुसऱ्यांदा तो स्वतःच घेऊन आला,
म्हणाला, तुला म्हणून कमी लावतो.
आणि मी घासाघीस केली.
चाळीस म्हणाला, मी तीस म्हणालो,
पस्तीसला सौदा झाला, दोघंही हसलो,
शाळेत गोट्यांवरून हसायचो तसे.
पस्तीस रुपये कुठे जाणार
हे त्याच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा विकायला काही नव्हतं.
मी आतल्या खोलीत. बायकोला खुणेने सांगितलं,
सांग, रातपाळीला गेलेत.
दाराच्या फटीतून त्याच्या चपला दिसत होत्या,
एक निळी, एक तपकिरी.
तो जिन्यात बसला बराच वेळ.
त्याला खोकला होता. मी खोकले मोजत होतो,
मग मोजणं चुकलं.
सकाळी उंबऱ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील,
त्याच्या आईने वाळवलेले,
वरळीच्या वाऱ्याचा वास अजून त्यांना.
आम्ही ते तळून खाल्ले.
चांगले होते.

तुम्ही आज काहीच बोलला नाहीत, घरतबाई म्हणाल्या.
सगळे माझ्याकडे वळले, बाकं करकरली.
मी घसा खाकरला.
पान एकशे बारावर, मी म्हणालो,
छपाईची चूक आहे.
'मित्र'च्या जागी 'मात्र' पडलंय.

पानं उलटल्याचा आवाज.
ओजसने लगेच दुरुस्त केलं,
नाडकर्णी म्हणाल्या, अरे खरंच,
मला तर काही खटकलंच नाही,
वाक्याला तसाही अर्थ लागत होता.

पुढच्या महिन्याला पक्ष्यांवरचं पुस्तक ठरलं.
मिस्किटांनी वर्गणी गोळा केली,
सुट्टे नव्हते म्हणून माझे वीस त्यांच्याकडे राहिले.
किती वाजले, घरतबाईंनी विचारलं.
मी बाही वर केली.
हे सात मिनिटं पुढे आहे, म्हणालो,
तेवढी वजा करा.

सगळे गेल्यावर बाकं सरळ केली.
शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा.
पुस्तक काखेत, मधे बोट अडकवलेलं.
शेवटची अठरा पानं मी अजून वाचलेली नाहीत.
लेखक वाचला,
हे तर मुखपृष्ठावरच कळतं.