कॉम वन

भाऊच्या धक्क्यावर, पहाटे साडेचार.
जुना संगणक खाऱ्या हवेनं खाल्ला,
आणि काट्याचं सॉफ्टवेअर
त्याच्याशिवाय कुणाला ओळखत नाही.
म्हणून नव्या लॅपटॉपच्या पोटात
मी तोच पुन्हा वसवला –
ना पेटी, ना पंखा, नुसतं सोंग.
आत अजून ती जुनी हिरवी टेकडी, निळं आभाळ.
फक्त बाहेर यायला दार नाही.

काट्याची वायर मात्र खरी. नऊ पिना,
एक वाकलेली, चिमट्यानं सरळ केली.
पोर्टचा नंबर आतल्याला सांगितला.
शून्य.
बॉड रेट बदलला.
शून्य.
चांगुणाबाई वैती, बर्फाच्या पेटीवर बसून:
"आत कोन नाय, तं वजन कोनाला सांगतस?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.
मग दिसलं, लॅपटॉपनंच
पोर्ट मुठीत धरून ठेवलेला.
एकेक बोट सोडवलं.

तिनं सुरमई टाकली, निथळती.
नसलेल्या संगणकात
आकडे थरथरले,
थरथरले,
थांबले: चार किलो एकशे ऐंशी.

ती पडद्यावर वाकली, बराच वेळ.
"चाळीस ग्राम पानी वजा कर," म्हणाली,
"त्याला नाय कलत."