सोळावी जागा

रात्रीचे साडेअकरा. बाहेर बेझाँसाँची नदी
काठाकाठाने गोठत आलेली,
आत इन्क्युबेटर सदतीसवर:
ताप नव्हे, नुसती अंगाची ऊब.

थाळीत आतड्याच्या पेशी
एकमेकींचे हात धरून बसल्यात.
हाताला नाव आहे, ई-कॅडहेरिन.
तो सुटला तर आतड्याला आतडं म्हणता येणार नाही,
नुसता सांडलेला चिखल.

मी त्यांच्यावर लिस्टेरिया सोडते. एक तास.
मग जेंटामायसिन:
बाहेर राहिले ते मरतील,
आत गेले ते तेवढे उद्या मोजायचे.

तो दार फोडत नाही. कडीही काढत नाही.
शेजारीण धरते तिथेच, तसाच हात धरतो,
आणि पेशी आपले दोर आवळून
त्याला स्वतःच आत ओढून घेते.
घरभेदी म्हणू नका तिला.
तिला धरायचंच तेवढं शिकवलंय.

उंदराच्या आतड्यात मात्र हा हात जुळत नाही.
माळेतल्या सोळाव्या जागी
आपल्याकडे प्रोलीन, त्याच्याकडे ग्लुटामिक आम्ल.
काना-मात्रेइतका फरक.
खालच्या मजल्यावर, पिंजऱ्यात,
तेवढ्यावर वाचलेला एक जण
मिशा पुसत बसलाय.

सोलांज मावशीला सातवा महिना होता.
ज्युराच्या डोंगरात, तळघरात कच्च्या दुधाचं चीज,
थंडीत झोपी न जाणारा, थंडीतही वाढणारा हा पाहुणा,
दोन दिवसांची कणकण,
आणि मग पोटात काहीच हललं नाही.
सासू म्हणाली, चादरी वाळत घालताना
हात वर केलेस, नाळेचा फास बसला.
एकोणचाळीस वर्षं मावशीने
वरच्या फळीवरचं काही काढलं नाही.
बरण्या, टोप्या, नाताळची चांदणी,
सगळं कमरेच्या उंचीवर.

वारेवरही तेच हात असतात,
हे मी तिला रविवारी फोनवर सांगितलं.
आईचं रक्त आणि बाळ यांच्यामध्ये
पेशींची भिंत, भिंतीला हात,
आणि धरणारा कोण हे हातांना कळत नाही.
जुने कागद उरलेले नाहीत, मावशी,
खात्रीने कुणीच सांगणार नाही. पण बहुतेक हेच.

बराच वेळ मागे घड्याळ ऐकू येत होतं.
मग ती म्हणाली,
"म्हणजे चादरींमुळे नाही?"
नाही.
"हात वर केल्याने नाही?"
नाही, मावशी.
"आणि ती, तुझी ती पेशी,
तिला कुणी बोल लावतं का गं?"

मी म्हटलं, आम्ही फक्त मोजतो.

सकाळी थाळीवर बासष्ट ठिपके.
पुन्हा मोजले. बासष्टच.
वहीत लिहिले, तारीख घातली,
हातमोजे काढले
आणि वरच्या फळीवरचा
नवा डबा काढताना
हात क्षणभर तिथेच राहिला.