सगुणाची वायर

आमच्या सावईवेऱ्याच्या घरात इंटरनेट यायचं
फणसावरून.
सगुणाने बांधलेली काळी वायर,
खांबावरून फणसाला, फणसावरून मांगराच्या कौलाला,
तिथून खिडकीच्या फुटक्या काचेतून आत.
शेकरू ती कुरतडायचं.
मग सगुण यायचा, स्कूटरवर शिडी आडवी बांधून,
दातांनी टेप तोडत म्हणायचा,
"शेकरूची तक्रार मी कुठल्या ऑफिसात करू, भाई?"
चहा घ्यायचा.
तो फाटकाबाहेर पडेपर्यंत वीज गेलेली असायची.

लेकाने कंपनी बदलली.
मला विचारलं नाही. म्हणजे विचारलं,
मी पोफळींना पाणी सोडत होतो,
"बघ तुझं" म्हणालो.

मंगळवारी दोन पोरं आली. एक खानापूरचा इराप्पा.
दुसऱ्याचं नाव कळलं नाही, तो वर खांबावरच होता.
इराप्पाने सोप्यावर पथारी मांडली,
तार सोलून दाखवली:
"काच आहे काका. केसाहून बारीक. हिच्यातून उजेड जातो."
स्पिरिटने पुसली,
सुई टोचण्याआधी दंड पुसतात तशी.
मग एका डबीएवढ्या यंत्रात दोन टोकं समोरासमोर ठेवली.
इवल्या स्क्रीनवर ती ओंडक्यांएवढी दिसत होती,
जरा सरकली, थांबली, पुन्हा सरकली,
ठिणगी,
आणि सांधा कुठे होता ते सांगता येईना.
खाली आकडा आला, शून्य पूर्णांक शून्य दोन.
"एवढंच नुकसान," इराप्पा म्हणाला.
उरलेले काचेचे कण त्याने चिकटपट्टीवर टिपून घेतले.
"पायात गेले तर दिसत नाहीत, काका. आतच राहतात."

कुंदा मस्कतला. बावीस वर्षं.
दर शुक्रवारी आमचं बोलणं.
चेहरा चौकोनाचौकोनांत फुटलेला,
ओठ आधी हलायचे, शब्द वरातीमागून घोडं तसे.
सुपारीचा भाव, तिचा गुडघा, नातवाचे दात,
सगळं तुटत का होईना पोचायचं.
पण बोलणं आईच्या मागे राहिलेल्या कुळागरावर आलं,
इन्व्हेंटरीवर, तिच्या अर्ध्या वाट्यावर,
की मी म्हणायचो,
"ऐकू येईना गं. हॅलो? अडकलीस तू."
कधी ती खरंच अडकलेली असायची.
कधी नसायची.
एकदा तीच बराच वेळ न हलता बसली.
मला वाटलं, गेलं नेट.
मग तिच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर
वाऱ्याने हलताना दिसलं.
आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

गेल्या शुक्रवारी लेकाने टीव्हीवरच लावून दिलं.
कुंदा भिंतीएवढी.
केसांच्या मुळाशी पांढरं, हनुवटीखाली आईसारखा तीळ,
हा तिला होता का आधीपासून?
"बाबांचं कपाट ना ते मागे?" ती म्हणाली.
"रंग दिलास वाटतं. कागद त्यातच आहेत ना अजून?"
शेजारच्या खोलीतून विचारावं इतकं जवळून.
मी पडद्याच्या मधोमध ते फिरणारं वर्तुळ शोधलं.
नव्हतं.
लेक मागे उभा, खूश:
"बघितलंत? एकदासुद्धा अडकलं नाही."
"ऐकू येतंय ना रे?" कुंदा.
"येतंय," मी म्हणालो.
ते तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा माझं तोंड
अजून उघडंच होतं.

काल सगुण जुना मॉडेम न्यायला आला.
बसला, चहा घेतला, नव्या डब्याकडे पाहिलं नाही.
वायर नेली नाही.
"कोण चढणार आता फणसावर. राहू दे."
खालच्या टप्प्यावर बायको फडकी वाळत घालते.
वरच्या टप्प्यावर शेकरू येतं अजून,
त्याला कोणी सांगितलेलं नाही.

कपाटाची किल्ली सापडत नाही,
असं मी कुंदाला लिहून कळवलंय.
बोट उचलायच्या आत पोचलं.
दोन निळ्या खुणा.