झिरो नंबरचा ब्रश

डायरीत लिहून आलं : शुक्रवारी हॅलोविन,
भीती वाटेल असं काहीतरी होऊन या.
वर्गातल्या निम्म्या पोरी हडळी होणार होत्या,
दोघींनी जळगावहून विकतचा सांगाडा आणलेला.
कनिष्का म्हणाली,
"बापू, माले बुजगावनं व्हनं शे."

तिच्या आईला आठवडाभर रात्रपाळी.
तोंड रंगवायचं आलं माझ्याकडे.

मी तसा पेंटर. म्हणजे होतो.
बोरीच्या पुलापासून धुळे नाक्यापर्यंत
एमएच एकोणीस माझ्या हातचं असायचं.
नवाची शेपूट मी जरा लांब सोडायचो,
लोक लांबून ओळखायचे, भटू पेंटर.
मग रेडियम आलं, मग सरकारी प्लेट,
आता माऊसनं फ्लेक्स बनवतो,
वाढदिवसाचे, दहाव्याचे.

सकाळी सहाला तिला ओट्यावर बसवलं.
माझाच जुना चौकड्याचा शर्ट,
बाहीतून आरपार तुरीची काठी,
गळ्यात, मनगटात दादरचा कडबा.
ऑइलपेंट कातडीला चालत नाही एवढं कळतं मला.
खोबरेल तेलात हळद घोटली,
तव्याखालची काजळी, चिमूटभर गेरू.
आधी कोपराच्या आत एक ठिपका लावला
आणि दोघं बघत बसलो
ठिपका लाल होतो का.
नाही झाला.

ब्रश नवाच निघाला, पिशवीच्या तळाशी,
सहा वर्षांत पाण्यात न बुडालेला.
नाकावर गेरूचा त्रिकोण,
गालावर ठिगळ, त्याला काजळीचे टाके.
एक डोळा मोठा, एक बारका,
मुद्दाम नाही, झाला तसा.
पत्रा कधी गुदगुल्या होतात म्हणून हलला नव्हता.
"हासू नको."
"मी नही हासनू, हाऊ ब्रश हासी राह्यना."

तोंडापाशी हात थांबला.
मी तिच्याएवढा असताना मामानं
बाजरीत लावायचं मडकं दिलं होतं रंगवायला.
बोटानं चुन्याचे डोळे काढले,
खाली ओठ, वर वळलेले.
मामानं तळहातानं ओठ पुसले,
"हासतं तोंड पाहीसन पाखरं भ्यातीन का?"
त्या हंगामात मडकं बिनतोंडाचंच उभं राहिलं.

"बापू, सात वाजनात."

काढलं मग. एका कानापासून दुसऱ्यापर्यंत,
वर वळलेलं,
आणि तिनं सांगितले म्हणून त्यावर आडवे टाके,
मोजून अकरा.
ती बोलली की टाके ताणायचे,
हळदीला बारीक भेगा जायच्या,
ती मात्र बोलायची थांबेना.

रिक्षात काठी मावेना. रज्जाकनं पडदा वर बांधला,
खाली वाकून तिचं तोंड बघितलं,
मग माझ्याकडे.
"भटूभाऊ, हाई तर तुन्हं नऊ!"
डाव्या कोपऱ्यात ओठ
जरा लांब गेला होता खरा.

नंबर आला नाही.
टीचर म्हणाल्या, छान आहे, पण भीती कुठे वाटते?
ही म्हणाली, "टीचर, तुम्ही पाखरू आहात का?"
हे मला रज्जाकनं सांगितलं,
ती स्वतः काही बोलली नाही,
फक्त दुपारभर दोन्ही हात आडवे धरून
गच्चीवर उभी राहिली, शेजारच्या वाळवणापाशी.
चिमण्या आल्या. चार दाणे खाल्ले.
कडब्यातली एक काडी ओढून
एक चिमणी गेली सुद्धा.

संध्याकाळी आई झोपेतून उठली,
कापसाला तेल लावून पुसत बसली,
डोळे, नाक, ठिगळ, अकरा टाके.
इंजेक्शनआधी पुसतात तसा सराईत हात,
तरी डाव्या कानापाशी जरासं राहिलंच,
पिवळट, काळं, शेपटीएवढं.
कनिष्कानं आरशात बघितलं
आणि कान झाकून घेतला.

सोमवारी ती तेवढं घेऊन शाळेत गेली.
ब्रश मी धुतला. पिशवी कुठे ठेवली
ते काही आठवेना, म्हणून तो
टूथब्रशांच्या ग्लासात उभा आहे.